बाथरूममधली फळी सारखी निखळते? आधी भिंत वाजवून बघा

गल्लीत ज्याच्याकडं ड्रिल मशिन असतं, त्याला शेजाऱ्यांच्या बाथरूमची बारीकसारीक माहिती आपोआप होते. माझ्याकडं मशिन आहे. "दादा, तेवढी दोन भोकं पाडून द्या की," म्हणत कुणी आलं की मी आधी विचारतो, पहिली फळी कशी पडली? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, "तशीच पडली." तशीच कुठली पडतीय! काय निखळलं, कुठनं निखळलं आणि भिंतीवर काय उरलं, एवढं नीट बघितलं तरी पुढची फळी टिकेल की नाही ते कळतं.

कोल्हापुरात बाथरूम लहान असायला कारणं आहेत. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत मागच्या सोप्यातली मोरी भिंत घालून बंद केली आणि तिला बाथरूम म्हटलं. नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरनं चार बाय सहा फुटात अंघोळ, कमोड आणि बेसिन बसवलं. त्यात चार माणसांचे चार शाम्पू, साबण, वजरी, ब्रश, फिनेल, धुण्याची पावडर, कपड्यांचा पिळा आणि पाण्याचं पिंप. मग फळी लागतेच. ती का टिकत नाही ते आधी बघू, कुठं लावायची ते नंतर.

व्हॅक्यूमचे हुक आणि रॅक रात्रीत खाली येतात

रबरी वाटी भिंतीवर दाबली की आतली हवा निघून जाते आणि बाहेरच्या हवेचा दाब ती वाटी भिंतीला दाबून धरतो. हा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो असतो, म्हणजे ताकद कमी नसते. पण वाटीच्या कडेनं केसाएवढी जरी फट राहिली तरी हवा हळूहळू आत शिरते. म्हणून रॅक लावल्या लावल्या पडत नाही, मध्यरात्री पडतो आणि अख्खं घर दचकून उठतं.

टाइल चकचकीत, गुळगुळीत असेल तरच ही वाटी धरते. मॅट, खरखरीत किंवा दगडासारखी उठावाची टाइल असेल तर नाद सोडा. वाटी दोन टाइलांच्या सांध्यावर आली तरी तेच, कारण सांध्याच्या खाचेतनं हवा आत जाते. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या टाइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो, डोळ्यांना दिसत नाही पण बोट फिरवलं की लागतो. चमचाभर लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून तो थर काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, वाटी कोमट पाण्यात थोडी मऊ करून मग दाबा. एवढं करूनही आठ-पंधरा दिवसांनी एकदा काढून परत दाबायची तयारी ठेवावी लागते. माझ्या मते हे हुक ब्रश, वजरी, फार तर घासणी एवढ्यापुरतेच. त्यावर शाम्पूची लिटरची बाटली ठेवणाऱ्यानं पायाची बोटं सांभाळावीत.

चिकटवायचा रॅक टेपसकट निघून येतो

निघून आलेल्या टेपकडं बघा. टेप रॅकला चिकटून आली आणि टाइल कोरी असेल, तर टाइल नीट साफ झाली नव्हती किंवा ओली होती. टेप टाइलवर राहिली आणि रॅक एकटाच सुटला, तर टेपच हलकी. टेप मधोमध फाटून दोन्हीकडं उरली असेल, तर टेप चांगली पण ओझं जास्त.

तिन्हींत पहिला प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. साबणाचा आणि तेलाचा पातळ थर नुसत्या पाण्यानं जात नाही. भांड्याच्या साबणानं धुऊन, वाळवून, मेडिकलमध्ये मिळतं ते स्पिरिट कापसानं फिरवा. सॅनिटायझरनं पुसू नका, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं आणि तेच मागं थर ठेवतं. मग टेप लावून अर्धा मिनिट तरी जोरात दाबून धरा आणि निदान २४ तास त्यावर काही ठेवू नका. चांगल्या फोमच्या डबल टेपला पूरा जोर यायला तीन दिवसही लागतात.

खरी अडचण इथंच आहे. एकच बाथरूम, घरात पाच माणसं, चोवीस तास भिंत कोरडी ठेवायची कशी? माझा सल्ला, सगळे जोतिबाला किंवा गावच्या जत्रेला जातील तो दिवस धरा. आणि हे काम उन्हाळ्यात उरकून घ्या. जुलैत आमच्याकडं भिंतीच घामेजलेल्या असतात, त्यावर कुठलीच टेप मनापासून चिकटत नाही.

पाकिटावर लिहिलेल्या पाच-दहा किलोचा अर्थही समजून घ्या. तो आकडा बहुतेक वेळा भिंतीला समांतर, सरळ खाली ओढणाऱ्या वजनाचा असतो. रॅकवर वजन भिंतीपासून पुढं असतं, त्यामुळं वरची कड भिंतीपासून सोलली जाते, आणि सोलणं हे टेपला सगळ्यात जड जातं. म्हणून रॅक जेवढा खोल तेवढा लवकर पडतो. बाटली तीन इंच रुंद असते. चार-साडेचार इंचाची फळी पुरते. आठ इंचाची घेतली की पुढं दुसरी रांग लागते, मागच्या रांगेत संपलेल्या बाटल्या मुक्कामाला राहतात आणि वरनं ओझंही दुप्पट.

स्क्रू मारला तरी ढिला होतो

आता मुद्द्याचं. स्क्रू रावल प्लगसकट, म्हणजे भोकात बसवायच्या प्लॅस्टिकच्या गुल्लीसकट, बाहेर आला असेल तर तो प्लग हातात घ्या आणि भोकात काडी घालून खोली मोजा. टाइल असते आठ मिलिमीटरची, तिच्या मागं सिमेंटचा मसाला वीस मिलिमीटरभर. म्हणजे पहिल्या इंच-सव्वा इंचात विटेचा पत्ताच नसतो. रॅकबरोबर फुकट आलेला इंचाचा स्क्रू नुसत्या मसाल्यात रुतलेला असतो. तो खोक्यातच राहू द्या. निदान दोन इंची स्क्रू आणि त्याच्या मापाचा प्लग घ्या, विटेत निम्मा तरी गेला पाहिजे.

दुसरी चूक प्लगची. प्लगचं तोंड टाइलच्या पृष्ठभागाशी ठेवून स्क्रू आवळला की प्लग टाइलच्या आतच फुगतो आणि टाइलला बारीक तडा जातो. त्या दिवशी दिसत नाही, महिन्याभरानं दिसतो. प्लग टाइलच्या मागं जाईपर्यंत आत ठोकायचा. स्क्रू घालायच्या आधी भोकात सिलिकॉनचा थेंब सोडायचा, नाहीतर अंघोळीचं पाणी त्याच भोकातनं भिंतीत उतरतं आणि पलीकडच्या खोलीत रंगाचे पोपडे निघतात.

भोक पाडायच्या आधी टाइल बोटाच्या पेराने वाजवा, चारी कोपरे आणि मध्यभाग. घट्ट टाइलचा आवाज टणक येतो, मागं पोकळी असेल तिथं बद्द येतो. गवंड्यानं टाइलला मसाल्याचे चार गोळे लावून ती भिंतीला दाबली असेल तर कोपरे हमखास पोकळ निघतात. पोकळ जागी ड्रिल लावलं की टाइल फुटते. शेजारची टणक जागा निवडा, फळी दोन इंच सरकली म्हणून काही बिघडत नाही.

सांध्यात भोक पाडावं की टाइलमध्ये, यावर प्रत्येकाचं वेगळं मत ऐकायला मिळतं. सांधा दोन मिलिमीटरचा आणि बिट, म्हणजे मशिनला लावायची भोक पाडायची काडी, सहाचा. दोन्हीकडच्या टाइलांच्या कडा उडतात. मी टाइलच्या आतच पाडतो, कडेपासून इंचभर तरी सोडून. जागेवर कागदी टेप चिकटवायची म्हणजे बिट घसरत नाही. भाल्याच्या टोकासारखं, काचेला भोक पाडायचं बिट, मशिनचा हॅमर (ठोके द्यायची सोय) बंद, वेग कमी, जोर बेताचा. टाइल पार झाली की बिट बदलून विटेचं लावायचं आणि मगच हॅमर चालू. व्हिट्रिफाइड, म्हणजे दगडासारखी कठीण टाइल असेल तर साधं बिट नुसतं तापून बोथट होतं, तिथं डायमंडचं बिट लागतं आणि ते थंड राहायला मधनंमधनं पाण्याचा शिपका मारायचा. मशिनवर पाणी उडू द्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

नळाच्या, मिक्सरच्या सरळ वर-खाली कधीच भोक नको. पाइप तिथनंच गेलेला असतो. गिझरच्या आणि स्विचच्या रेषेतही नको, तिथं वायर असते. नवीन काम चालू असेल तर टाइल बसायच्या आधी चारी भिंतींचे फोटो काढून ठेवा, मोजायची टेप भिंतीला धरून. पुढची वीस वर्षं उपयोगी पडतील.

भिंत कसली आहे त्यावरही बरंच अवलंबून. जुन्या वाड्याची माती-विटेची भिंत असेल तर प्लग आत गोल गोल फिरतो आणि माती सांडते. तिथं आणखी मोठा प्लग घालून उपयोग नाही, भोकच मोठं होतं. अशा भिंतीवर ओझं टाकूच नका. जमिनीवर उभा राहणारा अरुंद स्टँड ठेवा किंवा गवंड्याकडनं कोपऱ्यात कडप्प्याची तिकोनी फळी दोन्ही भिंतींत खाच मारून बसवून घ्या. लाकडी गुल्ली ठोकायची जुनी पद्धत कोरड्या खोलीत चालते, बाथरूममध्ये ती फुगते आणि मग कुजते. नव्या बिल्डिंगमध्ये पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. भोक पाडताना लाल भुकटी न येता पांढरी, मऊ आणि भराभर आली की ओळखायचं. तिथं साधा प्लग ढिला पडतो, हलक्या ब्लॉकसाठीचा लांब प्लग दुकानदाराकडं मागून घ्या.

स्टीलचं म्हणून घेतलं आणि तांबडं पडलं

दुकानात सगळंच 'एसएस', म्हणजे स्टेनलेस स्टील असतं. बाथरूमसाठी ३०४ ग्रेड चांगली, स्वस्तातलं बरंच सामान २०२ चं येतं आणि ते ओलीत लवकर डागळतं. लोहचुंबक लावून बघायची टूम बिनकामाची आहे. ३०४ ला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण २०२ लाही चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या, दुकानदार लिहायला टाळाटाळ करायला लागला तर काय समजायचं ते समजा.

बऱ्याचदा रॅक चांगला असतो आणि त्याच्याबरोबरचे स्क्रू लोखंडी असतात, वर नुसता मुलामा. गंज स्क्रूचा ओघळतो आणि नाव रॅकचं खराब होतं. स्क्रू स्टीलचे बदला.

आणि संडास-बाथरूम धुवायच्या ऍसिडची बाटली. हिची वाफ झाकणातनं सुद्धा निघते आणि आजूबाजूचं स्टील, नळ, सगळं खाते. चांगल्या स्टीललाही त्यातलं क्लोराइड टोचून बारीक खड्डे पाडतं. ही बाटली फळीवर ठेवायचीच नाही. घराबाहेर, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. आणि ब्लीचच्या शेजारी तर मुळीच नको. दोन्ही एकत्र सांडले तर क्लोरिन वायू निघतो, आणि चार बाय सहाच्या बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडं एक सोय मात्र आहे जी मोठ्या शहरात सहज मिळत नाही. तयार रॅक आपल्या कोपऱ्यात बसत नसेल तर माप घेऊन शिवाजी उद्यमनगरात जा. हव्या त्या रुंदीचा, हव्या तेवढ्या फळ्यांचा स्टँड वेल्डिंग करून देणारे फॅब्रिकेटर तिथं आहेत. ग्रेड आधी ठरवा आणि वेल्डिंगच्या जागा नीट साफ-पॉलिश करून मागा. काळपट राहिलेल्या सांध्यावरच आधी तांबडं पडतं. खालच्या पायांना रबरी बूट घालायला विसरू नका.

जागाच नाही, फळी लावू कुठं?

आधी पिंपाचा हिशोब. दोनशे लिटरचं बॅरल जवळपास दोन फूट रुंद असतं. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये ते चार चौरस फूट, म्हणजे सहाव्या भागाची जागा खातं. "आता चोवीस तास टाकीचं पाणी आहे, काढून टाका की बॅरल," असं पुण्या-मुंबईचे पाहुणे सांगतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि आजूबाजूला पाणीच पाणी असताना नळ कोरडे पडले, हे बघितलेला माणूस बॅरल काढत नाही. मीही काढलेलं नाही. तेव्हा ते राहणार असं धरूनच मांडणी करायची.

बॅरलच्या वरची भिंत ही घरातली सगळ्यात वाया गेलेली जागा असते. झाकणापासून दीड-दोन फूट वर फळी घ्या, म्हणजे तांब्या बुडवताना हात आपटत नाही. तिथं पाणीही कमी उडतं. झाकणावर मात्र काही ठेवू नका. रोज चार वेळा उचलायचं झाकण, त्यावर ठेवलेलं रोज चार वेळा खाली येणार. पाणी लागेल तेव्हाच भरून ठेवायचं असेल, रोज वापर नसेल, तर एका मोठ्या बॅरलऐवजी शंभर-शंभर लिटरची दोन उभी, अरुंद पिंपं घेऊन एक बाथरूमबाहेर काढता येतं.

दुसरी मोकळी जागा दरवाजाच्या वर. चौकटीच्या वर नऊ-दहा इंचाची फळी, आडवी, भिंतीपासून भिंतीपर्यंत. साबणाच्या जादा वड्या, नवीन ब्रश, टॉयलेट पेपर असलं हलकं आणि कोरडं सामान तिथं जातं. भरलेले कॅन नकोत. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि पाच लिटरचा फिनेलचा कॅन डोक्यावर घेऊन कुणी अंघोळ करू नये.

तिसरी जागा दरवाजाची मागची बाजू. लाकडी असेल तर काय पण ठोका. पीव्हीसीचा दरवाजा आतनं पोकळ असतो, त्यात स्क्रू धरत नाही. वरच्या कडेवरनं अडकवायचे हुक घ्या, पण आधी दरवाजा आणि चौकट यांच्यात हुकाच्या पट्टीएवढी फट आहे का बघा, नाहीतर कडी बसायची नाही.

भिंतीत कोनाडा काढायची आयडिया सध्या सगळ्यांना आवडते, आणि दिसतोही झकास. आपल्या आज्या-पणज्यांच्या न्हाणीत तो होताच, शिकेकाईची वाटी आणि चिमणी ठेवायला. पण तेव्हाच्या भिंती दीड-दोन फुटांच्या होत्या. आता बाथरूमच्या मधल्या भिंती साडेचार इंची. त्यात कोनाडा काढलात तर पलीकडच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास इकडं आणि शाम्पूचा तिकडं. नऊ इंची बाहेरची भिंत असेल, तिथं कॉलम-बीम नसेल आणि टाइलचं काम नव्यानं निघणार असेल तरच हा बेत करा. आत वॉटरप्रूफिंग हवं आणि खालच्या फळीला बाथरूमच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे पाणी साचून साबण विरघळत नाही.

एका ठिकाणी मी फळी लावून देत नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. वेंटिलेटरच्या झरोक्यासमोर. "जागा मोकळीच आहे की," म्हणतात. आपल्याकडं गॅस गिझर बऱ्याच घरांत आहेत. हवा कमी पडली की त्यातनं कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि लहान बाथरूम भरायला फार वेळ लागत नाही. गिझर बाथरूमबाहेर बसवलेलाच बरा. तोवर झरोक्यात कापूस, पुठ्ठा, बादली, फळी, काहीही नको.

कपाट बुरसतं, दार फुगतं

साध्या प्लायचं किंवा भुशाच्या बोर्डाचं कपाट बाथरूममध्ये एक पावसाळा जेमतेम काढतं. प्लायच हवं असेल तर आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा सील करून घ्या, पाणी कडेनंच शिरतं. त्यापेक्षा पीव्हीसी बोर्ड बरा. पण बोर्ड कुठलाही असला तरी ओलं सामान आत कोंडलं की बुरशी येणारच, ती बोर्डावर नाही आली तर ब्रशवर येईल. अंघोळीचं पाणी उडतं त्या भागात उघडा, जाळीचा रॅक. दाराचं कपाट फक्त बेसिनच्या बाजूला. टॉवेल आणि धुतलेले कपडे बाहेरच. प्लॅस्टिकच्या ट्रेला खाली भोकं नसतील तर तापवलेल्या खिळ्यानं चार पाडा.

पावसाळ्यात अंघोळीनंतर एक्झॉस्ट पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्यावा. पंखा नसेल तर दार उघडं टाकून खिडकीच्या काचेच्या पट्ट्या आडव्या करा. बिल किती येईल म्हणून पंखा बंद करणारे आमच्या घरातही आहेत, त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

सगळं नीट केलं तरी त्याच भिंतीवरची फळी पडते

मग फळी सोडा आणि त्या भिंतीच्या पलीकडं जाऊन हात लावून बघा. ओल लागत असेल, रंग फुगला असेल, आणि पूर्वी टणक वाजणाऱ्या टाइला आता बद्द वाजत असतील तर मागं पाणी मुरतंय. पाइप गळतोय की सांध्यातनं पाणी जातंय ते ओळखायला सोपी युक्ती आहे. रात्री घरातले सगळे नळ बंद करा, टाकीची पातळी खडूनं खूण करून ठेवा, बंबात, गिझरमध्ये कुणी पाणी घेणार नाही असं सांगा. सकाळी पातळी खाली गेली असेल तर आधी संडासचा फ्लश टँक बघा, तो ठिबकत नसेल तर पाइप गळतोय, प्लंबर बोलवा. पातळी तशीच असेल तर दोन दिवस त्या भिंतीवर पाणी न उडवता अंघोळ करा आणि पलीकडची ओल आटते का बघा. आटली तर सांधे उकरून नव्यानं ग्राउट भरून घ्यायचं, नुसतं वरनं पांढरं सिमेंट फासून चालत नाही. त्या भिंतीवर पुन्हा ड्रिल लावायचं ते ती पूर्ण वाळल्यावरच, आणि आमच्याकडच्या हवेत त्याला दिवाळी उजाडते.